दोनदा डावीकडे

त्या सकाळचं काम अगदी साधं होतं. ताईचं गेमचं मशीन टेम्पोत घालून साहेबांच्या ऑफिसात पोचवायचं. नाणं टाकून खेळायचे जुने गेम एकत्र करून ते घरच्या टीव्हीवर, कन्सोलवर खेळता येतील असा संच साहेब काढत होते. ताईने तरुणपणी बनवलेला गेम त्यात हवाच होता आणि त्याचं चालू मशीन फक्त आमच्या घरी उरलं होतं. साहेब म्हणजे तिचे तेव्हाचे भागीदार. गेम तिचा, नाव यांचं. ती गेली तेव्हा दारातही आले नाहीत. मी टीव्ही दुरुस्त करणारा माणूस, भांडायला मला निमित्त लागत नाही; पण या वेळी ताईचं नाव टाकतो असं त्यांनी कबूल केलं, म्हणून गप्प बसलो.

ऑफिसात मशीन लावलं. तिथे एक इंजिनिअर मुलगी होती, हुशार, पण जरा भित्री. कुणी खेळत नसलं की ही मशीनं आपली आपणच खेळून दाखवतात, त्याला डेमो म्हणतात. पडद्यावरचं छोटं विमान सरकत होतं, शत्रूला पाडत होतं.

“दादा, गोळी मारायच्या आधी हे दरवेळी दोनदा डावीकडे का जातं?” तिने विचारलं.

“ताई खेळलीय ती. तिच्या मशीनची विमान फिरवायची दांडी अडकायची. डावीकडे दोन हिसके दिल्याशिवाय सुटायची नाही. हाताला सवयच लागली.”

डेमो म्हणजे कुणीतरी एकदा खेळलेला डाव, जसाच्या तसा जपून ठेवलेला. ताई गेल्यापासून रोज संध्याकाळी मी मशीन लावून समोर बसायचो. फोटोतलं माणूस हलत नाही. इथे ताईचा हात हलायचा. माझ्याकडे तिचं तेवढंच उरलं होतं.

साहेब आले. मिनिटभर बघितलं आणि म्हणाले, “हा डेमो पुसा. मी खेळतो. जाहिरातीत सांगू, घराघरात मूळ निर्मात्याचा हात.”

“आणि ताईचं नाव?” मी विचारलं.

“अरे, मेलेल्या माणसाला नाव कशाला लागतंय?”

मुलगी चाचरली. “साहेब, याची नक्कल घेतलेली नाही... पुसलं तर परत नाही मिळणार.”

“पुसा म्हटलं ना!”

“नको गं,” मी म्हणालो. तिने माझ्याकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं आणि बटण दाबलं. पडदा काळा झाला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या काळ्या पडद्याकडे बघत मी मनात म्हणालो, ताई, यातल्या एकालाही सोडू नकोस.

साहेब खुर्ची ओढून खेळायला बसले. हळूहळू खोलीत जळक्या वायरचा वास यायला लागला. मी मशीनच्या मागे हात घालून पाहिलं, सगळं गार होतं. विमान दोनदा डावीकडे गेलं, मग गोळी. परत दोनदा डावीकडे.

“दांडी अडकतेय का रे?”

“नाही. कालच नवी बसवलीय.”

साहेब हसले, पण कपाळावर घाम फुटला होता. डाव संपला, ते उठले. डावा हात मात्र हवेत तसाच हिसके देत राहिला...

साहेबांचा डेमो घातलेला संच धडाक्यात खपला. मशीन परत आणून मी घरात कोपऱ्यात लावलं, वायर गुंडाळून. आणि एका दुपारी साहेबांच्या बायकोचा फोन आला, ताबडतोब या म्हणून.

त्यांच्या घरी पडदे ओढलेले होते. साहेब आरामखुर्चीत बसले होते, डोळे खोल गेलेले. खुर्चीच्या दांड्यावर डावा हात चालला होता. दोन हिसके, मग उजवा अंगठा खाली. दोन हिसके, मग अंगठा. नखांतून रक्त आलं होतं.

“टीव्ही बंद आहे,” वहिनी कुजबुजल्या. “तरी थांबत नाही... कुठल्या ना कुठल्या घरात तो डेमो चालूच असतो ना, भाऊ...”

साहेबांचे ओठ हलले. “नाव टाकतो... तिला थांबव...”

“घराघरात हात तुम्हालाच हवा होता ना, साहेब? आता पुसा.”

खोटं कशाला बोलू, बरं वाटलं मला. जिना उतरताना मी शीळ घालत होतो.

घरी आलो तोच फोन वाजला. इंजिनिअर मुलगी होती.

“दादा... माझा हात सकाळपासून... मी नुसतं बटण दाबलं हो... त्यांनी सांगितलं म्हणून...”

तिच्या आवाजामागे काहीतरी खट्, खट् वाजत होतं.

एकालाही सोडू नकोस. मागणं माझंच होतं. मी मशीनसमोर जाऊन हात जोडले. “ताई, तिला सोड. लहान आहे गं ती. माझं ऐक...”

बंद मशीनची दांडी आपोआप हलली. डावीकडे. परत डावीकडे.

मी अजून समोरच उभा आहे. मशीनची वायर माझ्या हातात आहे आणि गोळीचं बटण अजून दाबलं गेलेलं नाही.