न विरणारा निळा

चंद्राच्या पोटातल्या त्या वसाहतीत भाऊबिजेला साड्याबिड्या कोणी देत नाही. तिथे भाऊ ओवाळणीच्या ताटात श्वासकुपी ठेवतो. तळहाताएवढी बाटली, आत पाण्यासारखा द्राव. सकाळी उठलं की बूच काढून घरातली हवा आत घ्यायची, बूच लावून हलवायची. हवेतला ऑक्सिजन विरघळला की द्रावातल्या रंगद्रव्याचं ऑक्सिडीकरण होतं आणि कुपी गडद निळी होते. ठेवून दिली की द्रावातली साखर ती प्रक्रिया उलटवते, रंग विरतो. हवा पातळ असेल तर निळा फिकाच येतो. वर्षभरात साखर संपते, म्हणून दर भाऊबिजेला नवी कुपी. यंत्रं बिघडतील, पण भावाने दिलेली कुपी खोटं बोलणार नाही, असं तिथल्या बायका म्हणतात.

खालच्या मजल्यावरच्या वैजयंतीची कुपी यंदा विरतच नव्हती. हलवा, नका हलवू, आपली निळीशार! "माझा दादा हवाप्रमुख आहे, उगाच नाही!" असं ती मिरवायची. तिची लेक रेवा मात्र हल्ली जरा खेळली की धापा टाकायची. हवा तर उत्तम होती, तेव्हा वैजूने पोरीलाच आळशी ठरवलं होतं.

एका दुपारी ती वरच्या मजल्यावर निरंजनदादाकडे गेली. फळीवर त्याची कामाची कुपी होती. सवयीने तिने ती हलवली. निळी झाली. चहा संपेपर्यंत पुन्हा पाण्यासारखी.

"दादा, तुझी विरते. माझी का रे नाही विरत?"

"यंदाचं रसायन सुधारलेलं आहे," निरंजन कपात बघत म्हणाला.

"रंग विरत नाही म्हणजे साखर संपली, हे तूच शिकवलंस ना मला? मग नव्याकोऱ्या कुपीतली साखर गेली कुठे?"

त्याने कप खाली ठेवला. "साखर नाहीच, वैजू. नुसता कपडे रंगवायचा रंग आहे. यंदा आमच्या खात्यातून खाली आलेल्या सगळ्याच कुप्यांत."

"अरे, पण का?"

"ऑक्सिजनची एक भट्टी बंद पडली. सगळ्यांचाच कमी केला असता तर कामंच थांबली असती. म्हणून फक्त खालचा कमी केला. लोकांना कळलं असतं तर सगळे वर धावले असते."

"लोकांचं राहू दे! मला तरी खरी द्यायचीस. रेवा तुझी भाची आहे रे!"

"खरी दिली असती तर तू गप्प बसली असतीस?"

नसती बसली. ते त्याला पक्कं ठाऊक होतं. सख्ख्या भावाने, ओवाळून घेऊन, केसाने गळा कापला होता. वैजूने त्याची कुपी उचलली आणि पायात चपलाही न घालता ती खाली आली.

शेजारणींना हाका मारून तिने सगळं सांगितलं, बूच काढलं, लावलं, कुपी हलवली. जेमतेम आकाशी छटा आली. रडू आवरत ती म्हणाली, "बघा. ही आपली खरी हवा."

बायकांनी कुपी हातोहात फिरवून बघितली. मग शेजारच्या कालिंदीताई आपली निळीशार कुपी घेऊन आल्या.

"तुझीच बिघडलीय गं. ही बघ माझी! माझा भाऊ का मला खोटी देईल?"

बाकीच्यांनी माना डोलावल्या. कालच असं कोणी म्हटलं असतं तर वैजूही हेच बोलली असती. दारात रेवा भिंतीला टेकून धापा टाकत होती.