काल्पनिक छत्रीचा भाव

धक्का तिचा होता, पाय त्याचा.

अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात सरांनी बाजार भरवला होता. अर्धे विक्रेते, अर्धी गिऱ्हाइकं. माल एकच — काल्पनिक छत्री. विक्रेत्याच्या चिठ्ठीवर छत्रीचा खर्च, गिऱ्हाइकाच्या चिठ्ठीवर त्याच्या लेखी तिची किंमत. सौदा जमला की मधला फरक तुमचा नफा. तीन फेऱ्या. शेवटी जो तोट्यात, तो परीक्षेला बसणार नाही.

ती गिऱ्हाईक, चिठ्ठीवर नव्वद. घासाघिशीत तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. मावशी म्हणायची, ही पोरगी श्वाससुद्धा दोन घेईल आणि एकाचेच पैसे देईल.

तो विक्रेता, भिंतीला टेकून उभा. याच वर्गात दुसऱ्यांदा, म्हणून पोरं त्याला ‘चक्रवाढ’ म्हणत.

“वीस,” पायावरून पाय काढत ती म्हणाली.

“घ्या.”

ती गडबडली. पुढची चार वाक्यं तयार होती, त्यांचं आता काय करायचं?

“थांबा... फाटकी असणार.”

“काल्पनिक आहे हो.”

“म्हणून काय झालं? काल्पनिक पावसात गळली म्हणजे?”

तो हसला — आधी डोळ्यांनी, मग सावकाश बाकीचा. तिला उगाचच वेणी पुढे घ्यावीशी वाटली.

दुसऱ्या फेरीतही वीस! आता तिने त्याची चिठ्ठीच हिसकावली. खर्च साठ.

“अहो, डोकं ठिकाणावर आहे का? दोन फेऱ्यांत ऐंशीनं बुडालात!”

“माहितेय.” त्याने कान खाजवला. “पण भाव पाडताना तुम्ही ती डावी भुवई वर केली की... साठ म्हणायचं राहूनच जातं.”

तिसरी फेरी. ती सरळ त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

“एकशेपन्नास देते.”

“वीस.”

“समोरचा मला दोनशेला देतोय!”

“त्याची छत्री चांगली असेल. वीस.”

“एक पैसा कमी देणार नाही, सांगून ठेवते!”

अख्खा बाजार थांबला. गिऱ्हाईक भाव चढवतंय आणि दुकानदार गयावया करून उतरवतोय, हे बघायला विक्रेते बाकांवर चढले.

“तुमचा तोटा होईल,” तो हळूच म्हणाला.

“आणि तू परीक्षेला बसला नाहीस — तर पुढच्या वर्षी वर्गात मी भांडू कोणाशी?”

‘तू’ कधी तोंडातून गेलं, तिला कळलंच नाही. त्याला कळलं.

“बरं... एकशेपन्नास,” तो पुटपुटला. “पण माझं मन खातंय.”

सर आलेखावर या सौद्याचा ठिपका द्यायला गेले, तर फळा संपला. त्यांनी शांतपणे तो वर भिंतीवर दिला.

“हे बघा,” सर वळून म्हणाले, “वीसला विका नाहीतर एकशेपन्नासला, दोघांचा मिळून फायदा तेवढाच राहतो. भावाने बदलते ती फक्त वाटणी.”

चक्रवाढने हात वर केला. दोन वर्षांत पहिल्यांदाच.

“मग सर... आमचं एकत्रच धरा ना.”

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या — आता ही निदान निम्म्यावर तरी आणणार!

तिचे कान लाल झाले. डावी भुवई वर गेली... आणि तशीच खाली आली.

“चालेल,” ती म्हणाली.