पुठ्ठ्याची पाटी

बस, सांगतो. मध्ये 'असं कसं होईल' म्हणू नकोस, तेवढं म्हणायला घरात बाप आहे.

सत्त्याण्णवचा मे. डिप्लोमा अर्धवट सोडला म्हणून बापाने पट्ट्याने फोडून काढलं होतं. पाठीला शर्ट सहन होत नव्हता. तशात रविवार कारंज्यापाशी एका वाचनालयात काम मिळालं. हाताने फिरवायचा जुना प्रोजेक्टर चालवायचा. संध्याकाळी चिमाजीरावांचा सत्कार. वय ऐंशी उलटलेलं. मूकपटांच्या काळात, नऊ वर्षांचा असताना, म्हाताऱ्याने एका विनोदी फिल्ममध्ये काम केलेलं. धाकटा भाऊ मंगळूही त्यात. काढणारे त्यांचे वडीलच.

दुपारी रीळ तपासायला मी आणि चिमाजीराव, दोघंच. खिडक्यांना काळे पडदे. रिळाला आंबूस वास.

"पाटीचा प्रसंग आला की भरभर फिरव. हळू फिरवलंस तर गंमत जाते."

"मंगळूआजोबा येणार का संध्याकाळी?"

"तो त्याच साली गेला... तापाने."

पडद्यावर पोरांची शाळा. चिमाजी मास्तर, खोट्या मिशा लावलेला. मंगळू विद्यार्थी, टोपी कानावर आलेली. मास्तर पाटी डोक्यात हाणतो, मंगळू लोळतो, उठतो, परत खातो. म्हातारा खुदखुदला. "पुठ्ठ्याची हो!"

पोरांना बडवलेलं बघून हसणारे म्हातारे मला घरचे पुरेत. मुद्दाम हात हळू केला.

तेव्हा दिसलं. पाटीचा कोपरा कपाळात रुतत होता. कानामागून काळं ओघळत होतं. ओठ सरळ वाचता येत होते. दादा, लागतंय...

"भरभर फिरव!"

"ही पुठ्ठ्याची नाही."

"वडील म्हणाले, पुठ्ठ्याची खोटी दिसते... खरी घे... मी लहान होतो रे..."

"आणि सत्तर वर्षं हसताय?"

पडद्यावर मंगळू उठला. आता पाटी त्याच्या हातात होती. मास्तराकडे त्याची पाठ होती. तो आमच्याकडे बघत होता.

मी एक फेरी फिरवली. पाटी खाली आली, आणि माझ्या शेजारी फटकन आवाज झाला. म्हाताऱ्याचं कपाळ उकललं. कोमट थेंब मनगटावर उडाले.

"थांबव... पोरा... थांबव..."

थांबवता आलं असतं. हँडल माझ्याच हातात होतं. मी फिरवत राहिलो, हळू. फेरीला एक घाव. नाक गेलं. जबडा गेला. मग नुसताच ओला आवाज येत राहिला, रीळ संपेपर्यंत.

पोलिसांनी लिहिलं, वृद्ध इसम चक्कर येऊन यंत्रावर पडला. जखमेत दगडी पाटीचे कपचे निघाले, त्यांचं कुणीच काही लिहिलं नाही.

रीळ मी ढापलं. डब्यात बंद करून आमच्याच घरी माळ्यावर टाकलंय. प्रोजेक्टर वाचनालयातच आहे.

पण परवापासून बाप सकाळी कपाळ चोळत उठतो. उशीवर बारीक काळी पूड असते. आज माझ्याशी पहिल्यांदाच हळू आवाजात बोलला.

"रव्या... ते टोपीवालं पोर कुणाचं रे?"