त्या डोंगरावर मी एकीला जेवायला बोलावलं

हे वाचून ‘मस्त रंगवलंय’ अशी कमेंट कोणी टाकू नका. मला रंगवता येत नाही. एग्मोरच्या एका बँकेत मी बावीस वर्षं लोकांच्या सह्या तपासतेय. खरं काय आणि खोटं काय, एवढंच मला कळतं.

हे खरं आहे.

मी त्रिपुरसुंदरी. आम्ही तंजावरकडचे मराठी, तीन पिढ्या चेन्नईत. घरात आमची जुनी मराठी चालते, त्यात निम्मी तमिळ. लिहिताना तुमच्यासारखं लिहायचा प्रयत्न करते. चुकलं तर सांभाळून घ्या.

तारीख सतरा जानेवारी २०२४. बुधवार. काणुम पोंगलची सुट्टी. दुपारचे साडेबारा.

हो, दुपारचे. लख्ख ऊन होतं.

त्या दिवशी अख्खं चेन्नई घराबाहेर पडतं. मरीनावर पाय ठेवायला जागा नसते, कोवलमच्या बस दारापर्यंत भरलेल्या असतात. आमचे हे, सेतुमाधव, यांना गर्दीचा भारी तिटकारा.

“ऊटी नको, कोडै नको. सगळीकडे कूट्टम,” हे म्हणाले. “मी एक डोंगर शोधलोय. तिथं कोणीच जात नाही.”

“कोणीच कसाला जात नाही?” मी विचारलं.

“लोकांना ठाऊक नाही म्हणून.”

या माणसाला पोस्टातून रिटायर होऊन वर्ष झालं होतं. डोकं रिकामं आणि हातात मोबाईल. दुसरं काय होणार!

डोंगराचं नाव सांगणार नाही. तुमच्यातलेच कोणीतरी हौसेनं जातील.

पहाटे चारला निघालो. हे, मी आणि माझ्या सासूबाई राजसबाई. वय एक्क्याऐंशी, पण दात शाबूत आणि भूक दणदणीत. मला आई नाही, मी यांनाच आई म्हणते. लग्नानंतर या बाईनं मला जेवू घातलं, माझी दोन्ही आजारपणं काढली. पुढचं सगळं हे लक्षात ठेवून वाचा.

खोटं कशाला बोलू, वर पोचल्यावर मलाही आवडलं. आमच्या फ्लॅटमध्ये मी शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या मोजून माझा भात उतरवते. इथं हॉर्न नाही, टपरी नाही, प्लास्टिकचा कपटा नाही. गार वारा, निळे डोंगर, आणि आम्ही तिघंच.

“बघ,” हे म्हणाले. “स्वर्ग.”

एका सपाट खडकावर केळीची तीन पानं मांडली. चिंचेचा भात, दहीभात, वांग्याची कोशिंबीर. आईंनी नेहमीप्रमाणे कावळ्यासाठी पहिला घास खडकाच्या कडेला ठेवला. कावळ्यानं शिवल्याशिवाय त्या जेवत नाहीत.

“का... का...” त्यांनी हाका मारल्या.

कावळा आला नाही.

पाच मिनिटं. दहा मिनिटं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं...

वांदरंही नव्हती.

तमिळनाडूच्या कुठल्याही डोंगरावर डबा उघडून बघा. वांदरं डोक्यावर बसतात. इथं भात उघड्यावर होता आणि त्यावर एक माशीसुद्धा नव्हती.

मी मान वर केली.

समोरच्या उतारावर, एका वाळक्या झाडाखाली... कोणीतरी बसलं होतं.

बाई होती. लांब होती, चेहरा दिसत नव्हता. पण आमच्याकडेच बघत होती, हे कळत होतं. आमच्या पानांकडे.

आता आपली सवय तुम्हाला माहीतच आहे. कोणी बघत असताना आपण घास तोंडात घालत नाही. मी हात वर केला आणि ओरडले,

“या जेवायला!”

याला काय उत्तर द्यायचं, तेही ठरलेलं. ‘होऊ द्या सावकाश.’ आजवर एकही माणूस खरंच उठून आला नव्हता.

ती उठली.

आणि चालायला लागली...

आमच्याकडे.

“अगं, वनवासी कोणी असेल. तिला मराठी कसं कळलं?” हे हसले.

आईंनी चौथं पान मांडलं. “बोलावलीस ना? मग वाढ. सुम्मा, उगीच, बोलावतात होय?”

मी वाढलं. ती बाई उतार उतरून मधल्या घळीत शिरली. घळ लहानशी, दोन मिनिटांत माणूस अलीकडे येईल एवढी. आम्ही तिघंही तिकडेच बघत राहिलो.

ती वर आलीच नाही.

हे कडेला जाऊन डोकावले. “कोणी नाही,” म्हणाले.

मी मागे वळले.

चौथं पान... स्वच्छ होतं. पुसल्यासारखं. शीतही उरलं नव्हतं.

आईंचंही.

“मी अजून घास उचलले नाही,” आई म्हणाल्या.

सामान तिथंच टाकून आम्ही गाडीत बसलो. वेल्लोर येईपर्यंत यांनी गाडी थांबवली नाही.

घरी आल्यावर दोन दिवस बरे गेले.

तिसऱ्या दिवशी आई जेवायला बसल्या आणि डावीकडे सरकल्या.

“कसाला सरकलात?” मी विचारलं.

“तिला जागा नको?”

त्या दिवसापासून आई तीनदा भात घ्यायच्या आणि उपाशी उठायच्या. मी स्वतः वाढत होते. पान रिकामं होत होतं. पण आईंचा हात चारदासुद्धा तोंडाकडे जात नव्हता.

“माझ्याआधी तिचा हात येतो ग,” म्हणायच्या. रडायच्या. भुकेनं रडायच्या हो!

मी स्वयंपाकघरात असले की बाहेरून जेवणाचा आवाज यायचा. मचमच... मचमच...

दोघींचा.

सगळ्या तपासण्या झाल्या. रिपोर्ट चांगले. डॉक्टर म्हणाले, वय झालं. बावन्न किलोच्या आई मार्चमध्ये छत्तीस किलोवर आल्या. अंघोळ घालताना त्यांची पाठ बघवत नव्हती. मी नळ सोडून रडायचे.

हे एकटेच त्या डोंगरावर जाऊन आले. साडी, नारळ घेऊन गेले, माफी मागायला. संध्याकाळी परतले ते सोफ्यावर बसूनच राहिले.

“काय झालं?”

“तिथं आता कावळे आहेत,” हे म्हणाले. “वांदरंही. नारळ हातातून ओढून नेले.”

म्हणजे ती तिथं नव्हती.

ती आमच्याकडेच राहायला आली होती.

आता जे लिहितेय, ते यांनाही सांगितलेलं नाही.

आमच्या खालच्या मजल्यावर कमलिनी राहते. नाव बदललंय. नाशिककडची, नवऱ्याच्या नोकरीमुळे दोन वर्षांपूर्वी आली. वय चौतीस. अतिशय गोड पोर. आईंसाठी मऊ भात, पेज करून आणायची. एप्रिलच्या एका रविवारी मी तिचं पातेलं परत द्यायला गेले. दार उघडं होतं. ती नुकतीच ताटावर बसली होती.

“वहिनी! या जेवायला!”

माझ्या मागे जिन्यात... मचमच आवाज आला.

काय बोलायचं ते मला ठाऊक होतं. ‘होऊ दे सावकाश.’ तीन शब्द. एवढं म्हणून दार ओढून घ्यायचं होतं.

मी काही बोलले नाही.

मी दारातून बाजूला सरले.

माझ्या साडीचा पदर हलला. वारा नव्हता.

पातेलं ठेवून मी वर आले. आई भिंतीला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, “भूक लागले ग. दहीभात आहे?”

त्या पोटभर जेवल्या. ढेकर दिला! मी त्यांचे पाय धरून रडले. आनंदानंच रडले, खोटं सांगत नाही.

आज आई सत्तेचाळीस किलो आहेत. शेजारणींची उणीदुणी काढतात. हे पुन्हा नवे डोंगर शोधायला लागलेत.

आणि कमलिनी...

मे महिन्यात जिन्यात भेटली. दंडावर ब्लाऊज लोंबत होतं. “डाएट न करता बारीक झाले बघा,” म्हणून हसली.

जूनमध्ये हसली नाही.

परवा ती वर आली. एकच मजला चढून धापा टाकत होती. कठड्याला धरलेल्या तिच्या बोटांत अंगठी सैल फिरत होती. मी दारातच उभी राहिले, आत घेतलं नाही.

“वहिनी, तुमच्या आईंना असंच झालं होतं ना?” तिनं विचारलं. “त्या बऱ्या कशा झाल्या? कोणते डॉक्टर होते?”

तिचे डोळे खोल गेले होते. फार आशेनं बघत होती.

मी कागद आणला. डॉक्टरांचं नाव, पत्ता, फोन नंबर, सगळं नीट अक्षरात लिहून दिलं.

“थँक्यू, वहिनी,” ती म्हणाली. आणि भिंतीला धरत धरत खाली गेली.