नावाच्या जागी

"पीला फ्रॉक, दो चोटी, उमर पाँच-छह साल... बच्ची अपना नाम नहीं बता रही है. जिनकी हो, मंच के पास आकर ले जाएँ."

तो आवाज अनुश्रीच्या कानात अजून तसाच होता. जाड, दमलेला, शेवटच्या शब्दावर जरासा मऊ होणारा. होळकरांच्या लालबागेतल्या मेळ्यात, ती लहान असताना, लाउडस्पीकरवरून आलेला. मधूनच तो माणूस माइक बाजूला धरायचा, तिच्याकडे वाकायचा, "बोल बेटा, नाम क्या है?" म्हणायचा. आणि पिवळ्या फ्रॉकमधली ती पोर ओठ घट्ट मिटून उभी. नाव येत होतं तिला. सांगायचं नव्हतं. का, ते तिनं बाबांना सांगितलं नाही, आईला सांगितलं नाही, पुढे कुणालाच नाही.

आणि मोठेपणी काम कोणतं निवडलं, तर लोकांना बोलतं करायचं. ती लाइफ कोच होती. मानसशास्त्र शिकलेली, मेंदूवरची जाडजाड पुस्तकं वाचलेली. रविवारी सकाळी एका लहानशा हॉलमध्ये वर्ग घ्यायची. "भीती वाटते ना? मग तिला नाव द्या," असं समजावायची. "मनातल्या गोष्टीला नाव दिलं की मेंदू हळूहळू शांत व्हायला लागतो."

एका जानेवारीत तोच मेळा भरलेला असताना भर दुपारी मावठा आला. थेंब असे टपोरे, की पहिला मनगटावर पडला तेव्हा तिला वाटलं कुणी बोट लावलं. आईसाठी घेतलेली लोणच्याची बरणी पोटाशी धरून ती गराडूच्या ठेल्याच्या ताडपत्रीखाली धावली. तिथे आधीच एकजण उभा होता. ताडपत्रीच्या भोकातून पाणी त्याच्या डोक्यावर ठिबकत होतं, आणि त्यानं रुमाल धरला होता तो हातातल्या प्लेटवर.

"प्लेटला सर्दी होईल म्हणून?" तिनं विचारलं.

"मला झाली तर औषध आहे," तो म्हणाला. "गार गराडूवर इलाज नाही." मग प्लेट पुढे केली. "घ्या ना. ओळख नाही आपली, पण गराडू तर आहे."

तिनं तळलेल्या कंदाची एक फोड उचलली. चटका बसला, मसाला जिभेला झोंबला, डोळ्यांत पाणी आलं. तो बघत होता आणि बघत नाही असं दाखवत होता.

"मी शार्दूल. पोलोग्राउंडला आमचं वर्कशॉप आहे. स्टीलच्या डब्यांची झाकणं बनवतो."

"नुसती झाकणं?"

"डबे दुसरे लोक बनवतात. अपन फक्त झाकतो."

"मी अनुश्री. मी उलटं करते... झाकणं उघडते. माणसांची. लाइफ कोच आहे."

"मतलब आपली धंद्यातच दुश्मनी," तो म्हणाला, आणि त्याच्या भुवईवरचा थेंब गालावर उतरला.

तेवढ्यात लाउडस्पीकर किंचाळला. कुणाचा तरी मुलगा हरवला होता, लाल टोपी, स्वतःचं नाव नीट सांगत होता. अनुश्रीच्या हातातली फोड तिथेच थांबली. आणि तिला दिसलं, शार्दूलचेही खांदे कानांपर्यंत गेले होते.

"काय झालं?" त्यानं विचारलं.

"काही नाही," ती पटकन म्हणाली. "तुम्हाला माइकची भीती वाटते का?"

असं होतं तिचं. प्रश्न अंगावर आला की ती तो वळवून समोरच्याच्या ओंजळीत ठेवायची. सवय होती, आणि शिक्षणही.

तो भोळा होता. त्यानं ओंजळ धरली.

"साखरपुडा होता माझा, हातोदला," तो म्हणाला. "मुलीचं नाव श्रेया. बायका म्हणाल्या, उखाणा घ्या. हाती माइक दिला. मी घरून पाठ करून गेलो होतो... गराडूला मीठ-मसाला, पोह्यांवर शेव, श्रेयाचं नाव घेतो, साक्षीला देव. शेवपर्यंत बरोबर गेलो. मग समोर बघितलं. एवढी माणसं. नाव गेलं."

"गेलं म्हणजे?"

"गायब. मागून कुणी ओरडलं, भिया, शेव के बाद क्या? आणि मी बोललो..." त्यानं प्लेटमधल्या फोडींवर भुरभुरलेल्या मसाल्याकडे बघितलं. "जीरावन."

अनुश्री हसली. हसू आवरेना, बरणी हातातून सटकायला लागली. मग तिनं त्याच्याकडे बघितलं आणि हसू आपोआप विरलं.

"लग्न मोडलं. श्रेयाची काही चूक नाही. आमचे पूर्वज होळकरांच्या फौजेत होते म्हणे, आजोबा सांगायचे. आणि माझं नाव शार्दूल. वाघ. हातोदला अजून जीरावन म्हणतात मला."

पाऊस थांबला होता. दोघांनाही ते कळलं नव्हतं... किंवा कळलं होतं.

मग भेटी होत गेल्या. कधी सकाळी पोह्यांच्या ठेल्यावर, कधी संध्याकाळी नुसतंच रस्त्याच्या कडेनं चालत. 'तुम्ही'चं 'तू' झालं तेही असंच चालता चालता. तो बोलायचा, ती मान किंचित तिरपी करून ऐकायची, आणि असं कधी कुणी ऐकलं नाही असं त्याला वाटायचं. तिच्या जेवणाच्या डब्याचं झाकण सैल होतं, आमटी नेहमी पिशवीत सांडायची. त्यानं एकदा डब्याच्या तोंडावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "याला नवं झाकण करून देतो."

"आणि तू?" एकदा त्यानं विचारलं. "मेळ्यात ते अनाउन्समेंट ऐकून तू पण दचकली होतीस. माझं सगळं विचारतेस, स्वतःचं कधी सांगतच नाहीस."

"कोच लोक ऐकतात," ती म्हणाली. "सांगतात ते दुसरे." आणि चहाच्या कपात बघत राहिली.

त्याच दिवशी त्यानं तिला एक गोष्ट सांगितली. अगदी हळू, जणू रस्त्यानं ऐकू नये.

"रोज तो उखाणा म्हणतो मी. वर्कशॉपमध्ये. पत्रा दाबायची प्रेस चालू असते तेव्हा. एवढा आवाज असतो की बाजूला आमचा कारागीर बंडू उभा असतो, त्याला पण ऐकू येत नाही. गराडूला मीठ-मसाला, पोह्यांवर शेव... आणि नावाच्या जागी प्रेस पडते. धाड. कुणाचं नावच नाही ना घ्यायला." मग हसायचा प्रयत्न केला. "वेडेपणा आहे. कुणाला सांगू नकोस हं."

तिनं त्याच्या हातावर हात ठेवला. तेव्हा तिला खरंच वाटलं होतं, आपण हे कुणाला सांगणार नाही.

पण रविवार आला. विषय होता लाज. ती सांगत होती, मेंदूत बदामाएवढी एक जागा असते, ती घाबरली की शब्द जुळवणारा पुढचा मेंदू काही क्षण मागे सरकतो. लोक ऐकत होते, पण एक जांभई दिसली, दोन मोबाइल उजळले. तिला काहीतरी जिवंत हवं होतं. आणि ते अगदी हाताशी होतं.

"माझ्या ओळखीचे एक गृहस्थ," तिनं सुरुवात केली. "त्यांच्या साखरपुड्यात..."

जीरावनपाशी हॉल हसला. मोबाइल खाली गेले. त्या हसण्यात एक ऊब होती, ती तिच्या अंगावरून गेली, आणि ती थांबली नाही.

"आज ते रोज तोच उखाणा म्हणतात. यंत्राच्या आवाजात, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. आणि नावाच्या जागी काय येतं माहितीये? धाड." तिनं टेबलावर हात आपटला.

हॉल खदखदला. शेवटच्या रांगेतला एक ठेंगणा माणूस तर मांडी थोपटत हसत होता. हसता हसता तो शेजारी वळला, आणि त्याचं हसू तोंडातच अडकलं. तो बंडू होता. त्याच्या शेजारी शार्दूल, तिला न सांगता आलेला.

रागावलेला नव्हता तो. तसं असतं तर बरं झालं असतं. मान खाली होती, आणि कान लाल, शाळेत बाकावर उभं केलेल्या मुलासारखे. त्यानं मांडीवरचं काहीतरी खुर्चीवर ठेवलं आणि दार आवाज न करता लावून घेऊन निघून गेला.

अनुश्रीला वर्ग पुरा करायचा होता. "आता डोळे मिटा," ती म्हणाली, "आणि आपापल्या लाजेला नाव द्या." लोकांनी डोळे मिटले. तिनं टेबलाची कड घट्ट धरली होती. मेंदूत कुठे काय चाललंय ते तिला पक्कं ठाऊक होतं. त्याचा कणभर उपयोग होत नव्हता.

खुर्चीवर एक नवंकोरं झाकण होतं.

तिनं फोन केले, त्यानं उचलले नाहीत. सॉरी लिहिलं, तर बऱ्याच वेळानं उत्तर आलं. 'नाव तर नव्हतं घेतलं तुम्ही माझं. ठीक आहे.' त्यातलं 'तुम्ही' तिनं पुन्हा पुन्हा वाचलं. आरशात बघणं तिला नकोसं झालं. लोकांना शिकवलेला प्रत्येक शब्द तिला आता उसना वाटत होता, अंगाला टोचत होता. स्वयंपाकघरात आई मेथी निवडत गुणगुणत होती,

लाजेचं गं पाखरू, बसे पापणीच्या काठी
उडवू जाता उडेना, बोल राहिले गं ओठी...

दुसऱ्या दिवशी जेवणाचा डबा आणि ते झाकण घेऊन ती पोलोग्राउंडला गेली.

प्रेस चालू होती. धाड, धाड. जमीन तळव्यांखाली हलत होती. बंडू पत्रा सरकवत होता. शार्दूलनं तिला बघितलं, कानाकडे बोट केलं. ऐकू येत नाही. तिला तेच बरं वाटलं. एवढ्या आवाजात काहीही सांगता येईल. ती सांगू लागली, भराभर, त्याच्या खांद्याकडे बघत. पिवळा फ्रॉक, माइकवाला, गर्दी... ओठ हलत होते आणि शब्द जन्मताच मरत होते.

शार्दूल तिचे ओठ बघत राहिला. मग त्यानं बंडूला खूण केली.

प्रेस थांबली.

"—म्हणून मी नाव नाही सांगितलं," एवढंच त्या शेडमध्ये एकटं घुमलं.

"आधीचं नाही ऐकू आलं," शार्दूल म्हणाला. "परत सांगता?"

बंडू रुमालाला हात पुसू लागला. "मैं चाय लेके आता हूँ."

"नको भिया," अनुश्री म्हणाली. "थांबा. यांचं तुम्ही ऐकलंत माझ्यामुळे. आता माझं पण ऐका."

शांतता अंगावर आली होती. दूर कुठेतरी टेंपो गेला.

"मी मेळ्यात हरवले होते," ती म्हणाली. "पाच-सहा वर्षांची. घाबरून... फ्रॉकमध्ये शू झाली माझी. नाव सांगितलं असतं तर ते माइकवर गेलं असतं. सगळ्यांनी बघितलं असतं, कुणाची मुलगी ओली उभी आहे. म्हणून नाही सांगितलं. आजपर्यंत कुणालाच नाही." तिनं श्वास घेतला, शिकवलेला नव्हे, कसाबसा. "आणि रविवारी लोक हसले तेव्हा मला बरं वाटलं. त्याची जास्त लाज वाटते. तुझं मी ऐकून घेतलं नव्हतं शार्दूल. ठेवून घेतलं होतं, कामाला येईल म्हणून. आणि ते मला तेव्हा कळलं पण नाही."

त्यानं हातमोजे काढून बाजूला ठेवले.

"बाबा ओरडले?" मग त्यानं विचारलं.

"नाही. अंगातला स्वेटर काढला आणि माझ्या कमरेला बांधला. काही विचारलंच नाही." तिचा आवाज फुटला. "त्यांनी झाकलं. मी नुसतं उघडायचं शिकले... येत्या रविवारी हे माइकवर सांगते मी. माझ्या नावानं."

"नको," तो म्हणाला. "काही गरज नाही. हे इथेच राहू दे. झाकणं इथेच बनतात." आणि स्टूल पुढे ओढलं. "बस ना. उभी का आहेस?"

बस. ती बसली. 'बसा' म्हणाला नव्हता तो.

त्यानं तिच्या हातून डबा घेतला, झाकण बसवलं. टक. उलटा करून हलवला. आत आमटी होती. थेंबही बाहेर आला नाही.

"बरोबर बसलं," बंडू म्हणाला, कुणीतरी काहीतरी बोलायला हवं म्हणून.

शार्दूल डबा हातातच धरून उभा राहिला. "एक बाकी आहे," तो म्हणाला.

बंडूला समजलं. त्याचा हात हळूच बटणाकडे गेला. "भिया... मशीन चालू कर दूँ क्या?"

"नको. बंदच राहू दे."

"फिर जीरावन मत बोलना."

शार्दूल हसला, आणि हसू ओठांवर असतानाच सुरुवात केली. अनुश्रीकडे बघत, एवढ्या हळू की ऐकायला पुढे झुकावं लागलं.

"गराडूला मीठ-मसाला... पोह्यांवर शेव..."

आणि थांबला.

कान लाल झाले होते. ओठ उघडे होते आणि त्यांच्यावर काही नव्हतं. तो अडला होता, की त्यानं मुद्दामच ती जागा मोकळी सोडली होती, तिला कळेना. तिच्यातली कोच जागी झाली, श्वास घे म्हणायला आली. अनुश्रीनं तिला गप्प बसवलं. ती नुसती त्याच्याकडे बघत राहिली. नावाच्या जागी आता प्रेस पडत नव्हती. तिथे एक मोठी, उघडी, वाट बघणारी शांतता होती, आणि त्या शांततेत फार लांबून एक जाड, दमलेला आवाज तिच्याकडे वाकला. बोल बेटा.

"अनुश्री," ती म्हणाली. "माझं नाव अनुश्री."