ब्लोअर बंद होता तेव्हा

तिचं मशीन बंद पडलं ते नेमकं नको त्या वेळी. स्टीलच्या टाकीत शिरून, फळीवर उभं राहून ती आतला सांधा जोडत होती. सांधा छान जमून येत होता... आणि हातातल्या वेल्डिंगच्या टॉर्चचा आर्क, टोकाशी पेटलेली ती विजेची ज्योत, विझला. काळी काच कपाळावर सारून तिनं एक शिवी हासडली. मनातल्या मनात नव्हे, चांगली खणखणीत.

टाकीच्या गोल तोंडातून एक अनोळखी चेहरा आत डोकावत होता.

"मला दिलीत की मशीनला?"

तो दुरुस्ती विभागात नवीनच लागलेला इलेक्ट्रिशियन होता. त्याला सगळे फ्यूज म्हणायचे. आणि ती चिमणी; रुंद खांद्याचे वेल्डर ज्या तोंडात अडकायचे, त्यातून ती अलगद आत उतरायची, म्हणून.

ती घामाघूम होऊन बाहेर आली, तेव्हा त्यानं मशीनचं झाकण उघडून ठेवलं होतं. कोणी विचारलेलं नसताना त्यानं सगळं समजावून सांगितलं. लोकांना वाटतं हे मशीन विजेचा जोर वाढवतं. तसं नाही. तारेतून येणाऱ्या विजेचा दाब ते उतरवतं आणि प्रवाह वाढवतं. इतका, की टोकापासून पत्र्यापर्यंतच्या इवल्याशा फटीत तो पेटतो आणि लोखंड लोण्यासारखं वितळतं.

"म्हणजे आवाज कमी, काम जास्त," ती म्हणाली. "तुमच्या अगदी उलट."

तो हसला आणि मशीन चालू करून गेला. पण जाताना तिच्या कपाळावर उमटलेल्या हेल्मेटच्या लाल वळाकडे त्यानं एकदा बघितलं, आणि बघितलं हे तिला कळलं म्हणून पटकन नजर वळवली...

टाकीतल्या कामाचा एक कडक नियम होता. तापलेल्या धातूला हवा लागू नये म्हणून टॉर्चमधून आर्गन वायू सुटत असतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि हवेपेक्षा तो जड. तळाशी साचला, की तिथे श्वास घ्यायला काही उरत नाही. म्हणून टाकीत ब्लोअरनं ताजी हवा सोडायची आणि तोंडाशी एक माणूस बसवायचा. त्यानं सारखी हाक मारायची, आतल्यानं ओ द्यायची. हे काम जो मोकळा असेल त्याच्या गळ्यात पडायचं. त्या दिवसापासून फ्यूज नेमका मोकळा असायला लागला.

नुसती हाक मारायचा त्याला कंटाळा. तो प्रश्न विचारायचा. ब्लोअरच्या घरघरीत ओरडूनच विचारावे लागत, त्यामुळे साऱ्या शेडला ऐकू जात. डबा खाल्ला का? आवडता रंग कोणता? हे काम कोणाकडून शिकलीस? वडिलांच्या ग्रिलच्या वर्कशॉपमध्ये, ती आतून ओरडायची; भावांनी टेबलखुर्ची धरली, मी वेल्डिंगचा होल्डर धरला. एकदा त्यानं विचारलं, भाऊ किती? तेव्हा वरून क्रेनवालाच ओरडला, "दोन आहेत, आणि दोघंही तालमीत जातात!" शेडमध्ये हशा पिकला. टाकीत ती एकटीच लाजली, काळ्या काचेआड.

तुम्हीचं तू कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

मग तो दिवस आला. संध्याकाळी माल रवाना व्हायचा होता. फोरमन आला आणि दुसऱ्या टाकीसाठी ब्लोअर काढून घेऊन गेला. आत्ता आणून देतो म्हणाला. फ्यूज तिला म्हणाला, बाहेर ये, तो आणेपर्यंत थांबू. हातभर सांधा राहिलाय, उरकून टाकते, म्हणून तिनंच त्याला गप्प केलं. वेळ पडली तर वर ओढून घेण्यासाठी कमरेच्या पट्ट्याला बांधलेली दोरी फळीत अडकत होती, तीही तिनं सोडून ठेवली.

ब्लोअर गेला आणि टाकीत एवढी शांतता झाली, की त्याचा श्वासही तिला ऐकू यायला लागला.

"ऐकतेयस?"

"हं."

"एक विचारायचं होतं... ओरडून विचारण्यासारखं नव्हतं ते."

"मग हळू विचार."

टाकीच्या तोंडातून त्यानं डोकं आणखी आत घातलं. मग –

"माझ्याशी लग्न करशील?"

तिनं आर्क थांबवला. हेल्मेट काढलं. फळीवरून उतरून ती टाकीच्या तळाशी गुडघे जवळ घेऊन बसली. उत्तर तर कधीचं तयार होतं... पण ते जरा वेळ जिभेवर घोळवावं असं तिला वाटलं. डोकं हलकं झालं होतं. कानात गुणगुण, पायांतलं बळ गेलेलं. हे असंच होत असावं सगळ्यांना, तिला वाटलं, आणि स्वतःचंच हसू आलं. पुढचं तिला आठवत नाही.

वर त्यालाही वाटलं, लाजतेय. नंतर क्रेनवाल्यानं तिला सांगितलं, की तो चांगला हसत बसला होता. मग त्यानं पुन्हा हाक मारली, आणि आणखी एकदा. मग त्याचा चेहरा पांढराफटक पडला. माणसं धावून येईपर्यंत तो आत उतरलाही होता. आत काय झालं ते कोणी पाहिलं नाही. तोंडातून आधी तिचे खांदे वर आले; लोकांनी तिला ओढून घेतलं. तिला वर ढकलणारे हात मात्र खाली गेले ते गेलेच. ब्लोअर शोधून आणेपर्यंत उशीर झाला होता.

ती संध्याकाळपर्यंत शुद्धीवर आली. तो वाचला, पण मेंदूला बराच वेळ प्राणवायू मिळाला नव्हता; सावरायला त्याला फार दिवस लागले. चौकशीत ठपका कामगारांच्या निष्काळजीपणावर आला आणि फोरमन नुसता दुसऱ्या शेडला गेला. तिनं पुन्हा टॉर्च धरला, पण बाहेर, टेबलावरच्या कामासाठी. टाकीत डोकं घालायचं म्हटलं, की तिला घाम फुटायचा.

तो दवाखान्यातून घरी आल्याचं कळलं तेव्हा ती गेली. त्याच्या आईनं दार उघडलं. तो खुर्चीत बसला होता, उजवा हात मांडीवर थरथरत होता. शब्द उशिरा येत होते, आणि मधले कितीतरी महिने साफ पुसले गेले होते.

"बसा," तो म्हणाला. "तुम्ही... कोण?"

आईनं तोंड फिरवलं; पोरगा त्या दिवशी काय विचारणार होता ते तिला ठाऊक होतं. कारखान्यातली, वेल्डर, एवढंच चिमणीला सांगता आलं. निघताना आई दारापर्यंत आली. म्हणाली, "पोरी, तुझं वय आहे. तू नाही आलीस तर मी वाईट मानणार नाही."

पुढच्या रविवारी ती पुन्हा गेली, त्याच्या पुढच्याही. घरी भावांनी आकांडतांडव केलं; वडील ताटावरून उठून गेले, ते जास्त लागलं. ती त्याच्यासोबत मटार सोलत बसायची. दाणे सांडले की तो चिडून ताटली भिरकावायचा, आणि ती त्यालाच वेचायला लावायची. बाकी सगळे त्याच्याशी लहान मुलाशी बोलावं तसं बोलत. ती तसं बोलत नसे. एकदा त्यानं विचारलं, वेल्डिंगचं मशीन चालतं कसं? दाब उतरवतं आणि प्रवाह वाढवतं, ती सांगत गेली, आणि मध्येच तिला पाणी प्यायला उठावं लागलं.

एका रविवारी कारखान्यात जादा काम निघालं. ती पोचली तेव्हा दिवस कलला होता. गल्लीच्या तोंडाशी भिंतीला हात टेकून तो उभा होता. एकटा घराबाहेर पडण्याची त्याची ती पहिलीच वेळ.

"उशीर... का?"

तिनं कारण सांगितलं. त्याचा राग गेला नाही. दोघं भिंतीच्या कडेनं चालू लागली. मग तो थांबला.

"आईनं सांगितलं. त्यानं... आधीच्या फ्यूजनं, काय विचारलं होतं ते." तो शब्द शोधत राहिला. "तू त्याच्यासाठी येतेस. पण तो... परत यायचा नाही."

खोटं बोलणं सोपं होतं.

"आधी त्याच्यासाठीच यायचे," ती म्हणाली. "दार उघडलं की वाटायचं, आज तो असेल."

"आणि आता?"

"आज बसमध्ये मला काळजी तुझी वाटत होती. तू जेवला असशील की माझ्यासाठी खोळंबला असशील... तो मनातही नव्हता. ते लक्षात आलं आणि मी रडले. त्याच्यासाठी."

तो तिच्याकडे वळला. मग थरथरता हात त्यानं भिंतीवरून काढला.

"उद्या पण ये."

"उद्या सोमवार आहे."

"माहितेय."

"येते," ती म्हणाली, आणि तिनं त्याचा हात धरला. तो थरथरायचा काही थांबला नाही. तसाच हातात घेऊन ती त्याच्या चालीनं, सावकाश, घराकडे चालू लागली.