थेंबांची बंदूक

टाकीत पाणी उरलंय का ते बघायला बाबांनी मला मागच्या पडवीत पाठवलं. दिवस मावळत होता. आमच्या मॅलीच्या कोरड्या, माळरानी मुलखात दुष्काळच इतका, की पत्र्यावर टिचकी मारली तर टाकी तळापर्यंत पोकळ वाजली. तरी कुठंतरी आवाज येत होता. टप्... टप्...

बाबा मागून आले. "ऐकू येतंय ना, डेस?"

आमचे बाबा म्हणजे गावाचे वीर. पहिल्या महायुद्धात वय वाढवून तुर्कांशी लढायला गॅलिपोलीला गेले, दुसऱ्यात वय चोरून वाळवंटातल्या टोब्रुकला. सोबत माझ्या थोरल्या भावाला, वॉलीला नेलं, त्याला तिथंच पुरून परत आले. आता कोरियाच्या लढाईसाठी भरती चालू होती आणि मी शाळा सोडून घरी बसलेला.

"उद्या जाऊन नाव दे. वय वाढवून सांग. मी नव्हतं सांगितलं?"

"खोटं बोलायचं शिकवणारा बाप! मिरवा अजून."

नेहमीसारखी शिवी आली नाही.

"गॅलिपोली सोडताना आम्ही बंदुका मागं ठेवल्या होत्या," ते हळू बोलले. "वरच्या पाण्याच्या डब्याला भोक, खालचा रिकामा, त्याची दोरी बंदुकीच्या घोड्याला. थेंबाथेंबानं खालचा भरला की गोळी आपोआप सुटायची. तुर्कांना वाटायचं, माणसं खंदकातच आहेत. आम्ही तोवर बोटीत."

टप्...

"टोब्रुकलाही ऐकलं मी हे. प्यायला पाणी नव्हतं, आणि हे... मग गोळी. वॉली माझ्या शेजारीच होता."

"मग मला कशाला ढकलताय?"

"कुणीतरी मागं राहिल्याशिवाय... बोटीत बसता येत नाही रे पोरा."

माझं डोकंच फिरलं. "मी जाणार नाही! तुमचा खंदक, तुम्हीच बसा त्यात."

टप्. मग काहीच नाही.

"भरला..." म्हणत त्यांनी दोन्ही हात कानांवर दाबले.

मी हसलो. कंदील आणायला आत गेलो. गोळीबिळी काही ऐकू आली नाही. बाहेर आलो तेव्हा बाबा पायरीवर बसले होते, हात कानांवर तसेच, डोळे उघडे. डॉक्टर नंतर म्हणाला, हृदय बंद पडलं.

पण तेव्हा कंदील खाली ठेवताना उजेड माझ्या हातावर पडला. उजव्या हाताच्या, घोडा ओढायच्या बोटाला दोरी करकचून बांधल्याचा वळ होता. ओला.

ते बोट अजून सरळ होत नाही. दिवस मावळला की जरा आणखी आत वाकतं... कुणीतरी पलीकडून ओढल्यासारखं.